वाफसा, कंपोस्ट आणि मुळांमधली बुरशी

कांद्याचं एक रोप मुळांसकट हलकेच उपटून पाण्यात धुवून बघा. जाडसर पांढऱ्या दोऱ्यांचा विरळ झुपका हाती येतो. फाटे कमी, आणि गव्हाच्या मुळांवर दिसते तशी बारीक लव तर जवळजवळ नाहीच. शेजारचं गवत उपटलं की मात्र मातीचं ढेकूळच वर येतं, इतकं त्याच्या मुळांचं जाळं दाट. जमीन एकच आणि स्फुरदाची (फॉस्फरसची) गरज दोघांनाही. त्यातून स्फुरद हे मोठं हट्टी अन्नद्रव्य. नायट्रेटच्या रूपातलं नत्र (नायट्रोजन) पाण्याबरोबर वाहत मुळाकडे येतं. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून जागच्या जागी बसतो. मुळालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. मग असल्या तोकड्या मुळांवर कांदा पोसतो कसा?

उसन्या मुळांवर. कांद्याच्या मुळात एक बुरशी राहायला येते आणि आपले तंतू बाहेर मातीत सोडते. मूळ पोचणार नाही तिथे तंतू पोचतो, स्फुरद उचलतो आणि आत आणून देतो. हा लेख त्या बुरशीबद्दल आहे, आणि आपण जमिनीत घालतो त्या दोन गोष्टींबद्दल: कंपोस्ट आणि पाणी. दोन्ही चांगल्या, म्हणून जितकं जास्त तितकं बरं असं आपण धरून चालतो. बुरशीचा हिशोब तसा नाही.

मुळात राहणारी बुरशी

बुरशी म्हटलं की शेतकऱ्याला मर, करपा, भुरी, मूळकूज हेच आठवतं. पण मातीतल्या बहुतेक बुरश्यांचा रोगाशी संबंध नसतो. काही पालापाचोळा कुजवतात. काही दुसऱ्या बुरश्यांना खातात, ट्रायकोडर्मा त्यातली. आणि काही जिवंत मुळाशी भागीदारी करतात, त्या भागीदारीला मायकोरायझा म्हणतात. १८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘मायकेस’ म्हणजे बुरशी आणि ‘रायझा’ म्हणजे मूळ. फ्रांक जंगली झाडांवर काम करत होता आणि त्याने पाहिलेला प्रकार वेगळा होता. पिकांमध्ये आढळतो तो प्रकार मुळाच्या पेशीभिंतीच्या आत शिरून तिथे बारीक फांद्या फुटलेला, झाडासारखा आकार तयार करतो. त्या आकाराला अर्बस्क्यूल म्हणतात. देवाणघेवाण होते ती इथेच. एक अर्बस्क्यूल जेमतेम काही दिवस टिकतो, मग विरघळतो आणि दुसरीकडे नवा तयार होतो.

जमिनीवरच्या वनस्पतींच्या साधारण ७० ते ८० टक्के जातींमध्ये हा प्रकार सापडतो. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळ सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही तो आहे, आणि त्या काळच्या वनस्पतींना धड मुळंही नव्हती. म्हणजे या भागीदारीचं वय मुळांपेक्षाही जास्त.

हे सगळं डोळ्यांनी बघता येतं आणि त्याला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. १९९८ साली एक पद्धत प्रसिद्ध झाली, तिचं साहित्य ऐकून मला पहिल्यांदा थट्टाच वाटली होती: फाउंटन पेनची शाई आणि व्हिनेगर. बारीक मुळं धुवून कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या, खताच्या पोटॅशच्या नव्हे) द्रावणात काही मिनिटं उकळायची. (हे द्रावण त्वचा जाळतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच.) मुळातला रंग निघून जातो आणि ते काचेसारखं पारदर्शक होतं. मग व्हिनेगरमध्ये शाईचे थेंब घालून त्यात तीन मिनिटं उकळायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की मुळाच्या पेशी फिकट राहतात आणि बुरशी तेवढी शाई पिऊन गडद दिसते. पेशींच्या रांगांमधून तंतू सरळ धावत असतात, मधूनच एखादी पेशी फुलकोबीच्या गड्ड्यासारख्या निळ्या झुडपाने भरलेली. बाहेर कितीतरी निरोगी, टवटवीत दिसणारं रोप. आत अशी वस्ती.

फुलकोबीचंच नाव घेतलं, पण तिच्या मुळात हे चित्र दिसणार नाही. कोबी, फुलकोबी, मोहरी, मुळा या कुळाने ही भागीदारी सोडून दिली आहे. पालक, बीट, राजगिरा यांनीही. कांदा, लसूण, मका, ज्वारी, कडधान्यं, जवस, सूर्यफूल, बहुतेक फळझाडं मात्र भागीदार ठेवतात.

फुकट कोणी राबत नाही

बुरशी हिरवी नाही, तिला ऊन वापरून साखर बनवता येत नाही. पानांत बांधल्या जाणाऱ्या कर्बापैकी (कार्बनपैकी) साधारण ४ ते २० टक्के हिस्सा झाड तिला देतं. साखरेच्या रूपात आणि स्निग्ध पदार्थांच्या रूपातही, कारण या बुरशीला स्वतःचे स्निग्ध पदार्थ शून्यापासून बनवता येत नाहीत. हे दुसरं २०१७ साली स्पष्ट झालं. त्यावरून एक गोष्ट कळते: जिवंत मुळाशिवाय ही बुरशी वाढू शकत नाही. बीजाणू होऊन ती पडून राहील, थोडे तंतू टाकून बघेल, पण मूळ भेटलं नाही तर थांबते. म्हणून कंपोस्टच्या ढिगात ट्रायकोडर्मा वाढवता येते, मायकोरायझा वाढवता येत नाही. कुजलेलं खाणं तिला जमतच नाही.

पाचव्या हिश्शापर्यंत देणं ही काही किरकोळ वर्गणी नाही. तेव्हा झाड आधी गरज बघतं. स्फुरद कमी पडला की मुळं मातीत स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन सोडतात. २००५ साली जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं की या रसायनाचा मागमूस लागताच बुरशीच्या तंतूला भराभर फाटे फुटतात. हे आमंत्रण आहे. स्फुरद भरपूर असेल तर आमंत्रणही कमी आणि आत आलेल्या बुरशीला मिळणारा हिस्साही कमी. (हीच हाक टारफुल्याचं बीही ऐकतं. ज्वारीच्या मुळावर जगणारं ते परजीवी तण याच रसायनाने जागं होतं. म्हणजे पत्र लिहिलं बुरशीला आणि फोडलं चोराने.)

एवढं ध्यानात ठेवा: बुरशी टिकते ती झाडाला तिची गरज असेल तोवर. पुढे कंपोस्टचा जो घोळ आहे तो इथूनच सुरू होतो.

ओल म्हणजे नक्की काय

मराठीत वाफसा हा इतका नेमका शब्द आहे की त्याच्यापुढे पाठ्यपुस्तकातली व्याख्या फिकी वाटते. पाऊस किंवा पाणी झाल्यावर जास्तीचं पाणी निचरून गेलं, चिखल उरला नाही, पण ओल आहे, आणि मातीत हवाही खेळते आहे, ती अवस्था. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, अंगठ्याने दाबला की त्याचे रवाळ तुकडे होतात, तळहात ओलसर लागतो पण लडबडत नाही.

आत काय चाललंय ते मोजमापात सांगतो. मातीच्या कणांमध्ये लहानमोठ्या पोकळ्या असतात. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा रुंद पोकळ्यांतलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली निघून जातं आणि तिथे हवा शिरते. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) ०.२ मायक्रॉनपेक्षा अरुंद पोकळ्यांतलं पाणी माती इतकं घट्ट धरून ठेवते की झाडाला ते ओढून घेता येत नाही. ३० आणि ०.२ यांच्या मधलं पाणी झाडाच्या उपयोगाचं. आता आकार बघा. पिकाचं बारीकात बारीक मूळ १०० मायक्रॉन किंवा त्याहून जाड, मुळावरची लव सुमारे १०, आणि बुरशीचा तंतू २ पासून. मूळ ज्या फटीत डोकावूही शकत नाही तिथून तंतू सहज आरपार जातो. एका ग्रॅम मातीत असे काही मीटर तंतू असू शकतात.

यावरून लोक लगेच म्हणतात, बुरशी झाडाला पाणी पाजते. थोडं पाजते खरं, पण किती यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, आणि मला वाटतं लोकांचं लक्ष नेमकं चुकीच्या जागी जातं. कोरड्या दिवसांत खरी अडचण पाण्याइतकीच स्फुरदाची असते. ओल असताना कणांभोवती पाण्याचा सलग पापुद्रा असतो, त्यातून स्फुरद सरकत मुळापर्यंत येतो. तेही दिवसाला एका मिलिमीटरच्या लहानशा अंशाने. माती वाळू लागली की पापुद्रा पातळ होतो, जागोजागी तुटतो, वाट लांब आणि वेडीवाकडी होते. मुळाभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा होतो आणि नवा माल येत नाही. तंतू हा रिकामा पट्टा ओलांडून कित्येक सेंटिमीटर पलीकडे जातो. मुळापर्यंतची वाट मग मातीतून न जाता तंतूच्या आतून जाते, आणि ती वाळत नाही.

त्यात आणखी एक गोम. स्फुरद आणि सेंद्रिय माल असतो वरच्या वीतभर थरात, आणि आधी वाळतो तोही तोच थर. खाली ओल आहे, रोप कोमेजलेलं नाही, तरी वाढ खुंटलेली. असं दिसतं तेव्हा बऱ्याचदा तहान नसते, भूक असते.

दुसऱ्या टोकाला पाणी साचलेली जमीन. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं आणि जिवाणू उरलेला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपवतात. ही बुरशी हवेवर जगणारी आहे. पाणी साचून राहिलेल्या भातात तिचं प्रमाण पडतं, तोच भात कोरडवाहू पद्धतीने घेतला की वाढतं. रोज थोडं थोडं पाणी देऊन वरचा थर कायम चिंब ठेवणाऱ्याची गतही फार वेगळी होत नाही. माती काळीशार ओली दिसते म्हणून मन समाधानी असतं, आणि खाली पांढऱ्या मुळीचा पत्ता नसतो.

पाणी साठवलं आणि पीक बसलं

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची एक गोष्ट मला या विषयात सर्वांत शिकवून गेली. तिथल्या कोरडवाहू पट्ट्यात शेतकरी जमीन वर्षभर, कधी त्याहून जास्त पडीक ठेवत आणि तणही उगवू देत नसत. हेतू शहाणपणाचा: पडलेला पाऊस जमिनीत साठवायचा आणि पुढच्या पिकाला द्यायचा. पाणी साठत असे. जमिनीत नत्रही जमा होत असे. पण कधीकधी त्या ओलीवर पेरलेलं पीक खुरटायचं, स्फुरद आणि जस्त कमी पडल्याची लक्षणं दाखवायचं, आणि शेजारी, आदल्या हंगामात पीक घेतलेल्या, तुलनेने कोरड्या रानात तेच पीक बरं असायचं. नाव पडलं ‘लांब पडीचा विकार’. १९८० च्या दशकात त्याचं कारण पुढे आलं. दीर्घकाळ जिवंत मूळच न मिळाल्यामुळे मायकोरायझाची संख्या घटली होती. जवसासारख्या तिच्यावर फार विसंबणाऱ्या पिकाला सर्वांत मोठा फटका.

अमेरिकेत हेच दुसऱ्या वाटेने झालं. १९९३ साली मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात प्रचंड पूर आला, बरीच शेतं त्या हंगामात पाण्याखाली राहिली, पीक उभं राहिलंच नाही. पुढच्या वर्षी पाणी ओसरलेल्या रानात मका लावला तर तो सुरुवातीलाच खुजा आणि जांभळट. पानं जांभळी होणं ही मक्यात स्फुरद कमी पडल्याची ओळखीची खूण. तपासणीत मुळांत बुरशी कमी सापडली. एका ठिकाणी कोरडी पडीक, एका ठिकाणी पूर. दोन्हीकडे कमी होतं ते जिवंत मूळ.

कंपोस्ट: किती पाणी धरतं आणि किती बोलबाला

कंपोस्ट स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं, हे वाक्य आपण सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलंय की हिशोब करायचं राहून जातं. सिडनी विद्यापीठातल्या दोन मृदाशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये जगभरच्या मोजमापांचा आढावा घेतला. सेंद्रिय कर्ब एक टक्क्याने वाढला तर पिकाच्या उपयोगाचं पाणी सरासरी किती वाढतं? दर १०० मिलिमीटर जाडीच्या मातीमागे १.१६ मिलिमीटर. रेताड जमिनीत थोडं जास्त, चिकण जमिनीत त्याहून कमी.

आता एक हेक्टर घ्या. वरची १५ सेंटिमीटर माती सुमारे २,००० टन भरते. तिचा एक टक्का म्हणजे २० टन कर्ब. वाळलेल्या कंपोस्टमध्ये साधारण चौथा हिस्सा कर्ब धरला तर ८० टन वाळलेलं कंपोस्ट झालं, आणि तेही त्यातलं काहीच कुजून उडून गेलं नाही असं मानून. बदल्यात त्या थरात वाढलं पावणेदोन मिलिमीटर पाणी. कडक उन्हात भरात आलेलं पीक दिवसाला ५ ते ७ मिलिमीटर पाणी पितं. म्हणजे काही तासांची तहान.

मग कंपोस्ट घालून ओल टिकते असा लोकांचा अनुभव खोटा का? नाही, कारण वेगळं आहे. कंपोस्टचं मोठं काम साठवण्यापेक्षा पाण्याला आत घेण्याचं आहे. मातीचे रवे जमतात, पावसाने वर पापडी धरत नाही, पाणी वाहून न जाता मुरतं, मुळं खोल जातात आणि खालचं पाणी वर काढतात. वर आच्छादन असेल तर उन्हाने होणारी वाफही कमी. या रव्यांना बांधून ठेवणाऱ्यांत बुरशीचे तंतू मोठे कारागीर. बारीक सुतळीसारखे ते कणांना वेढे घालतात.

एक गंमत करून बघा. नेहमी नांगरल्या जाणाऱ्या रानातलं एक सुकं ढेकूळ आणि बांधावरच्या गवताखालचं तेवढंच ढेकूळ घ्या. दोन ग्लासांत पाणी भरून, तोंडाशी अडकवलेल्या जाळीवर, पाण्यात बुडतील असे दोन्ही ठेवा. पहिलं बहुतेक वेळा काही मिनिटांत भसाभस विरघळून तळाशी गाळ होतो. दुसरं तसंच बसून राहतं, पाणीही बरंचसं स्वच्छ. माती एकच असली तरी दुसरीत वर्षानुवर्षं जिवंत मुळं आणि न तुटलेले तंतू होते.

जास्तीच्या कंपोस्टचा सापळा

आता तो घोळ. समजा नत्र फक्त कंपोस्टमधूनच द्यायचं ठरवलं. वाळलेल्या कंपोस्टमध्ये १.५ टक्के नत्र आहे आणि पहिल्या वर्षी त्यातलं १५ टक्केच पिकाला मिळतं असं धरू. हे दोन्ही आकडे नेहमीच्या पल्ल्यातले आहेत. हेक्टरी १०० किलो नत्र हवं असेल तर ४४ टन वाळलेलं कंपोस्ट लागेल. त्यात मूलद्रव्य म्हणून अर्धा टक्का स्फुरद असला तरी झाले २२० किलो. पीक उचलणार सुमारे २० किलो. उरलेले दोनशे किलो जमिनीतच, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच. पिकाला नत्र आणि स्फुरद ज्या प्रमाणात लागतात, त्या प्रमाणात कंपोस्टमध्ये ते नसतातच. स्फुरद वरचढ असतो. कोंबडीखतापासून केलेल्या कंपोस्टमध्ये तर फारच.

हे काही वर्षं चाललं की स्फुरदाची रेलचेल होते आणि झाड बुरशीला विचारेनासं होतं. पीक लगेच पडत नाही, उलट हिरवंगार असतं, म्हणून कळतही नाही. मात्र जस्तासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं आणून देणारा, मातीचे रवे बांधणारा, कोरड्या दिवसांत वाट उघडी ठेवणारा भागीदार हळूहळू आतबट्ट्यात जातो. रासायनिक स्फुरदाच्या अतिरेकाने जे होतं तेच सेंद्रिय स्फुरदाच्या अतिरेकानेही होतं. स्फुरद कुठल्या गोणीतून आला हे मुळाला कळत नाही. सेंद्रिय शेतीवाल्या मित्रांना हे वाक्य आवडत नाही, पण माती परीक्षणाच्या कागदावर स्फुरदाचा आकडा चढत गेलेला त्यांनीही पाहिलेला असतो.

बेताचं कंपोस्ट मात्र बुरशीला पोषकच ठरतं. ती स्वतः कुजवत नसली तरी कुजणाऱ्या मालाभोवती तिचे तंतू दाट होतात. जिवाणू कुजवतात, नत्र सुटतं, आणि तंतू ते उचलून मुळाकडे नेतात. २००१ साली ब्रिटनमधल्या एका प्रयोगात गवताची कुजणारी पानं वापरून हे दाखवलं गेलं. बेताचं म्हणजे किती? स्फुरद पीक जितका उचलतं त्या मापाने कंपोस्ट ठरवायचं आणि कमी पडणारं नत्र कडधान्यातून, हिरवळीच्या खतातून किंवा दुसऱ्या मार्गाने भागवायचं. वर्षाआड माती तपासून घेतली की अंदाजाने चाचपडावं लागत नाही.

ओल इथेही मध्ये येतेच. कंपोस्टमधलं नत्र सोडवणारे सूक्ष्मजीव सर्वांत जोमात असतात ते पोकळ्यांपैकी साधारण ६० टक्के पाण्याने भरलेल्या असताना. म्हणजे फिरून वाफसाच. कोरड्या मातीत कंपोस्ट नुसतं पडून राहतं. सुकलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की काही दिवस नत्राचा एकदम लोंढा सुटतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. त्या वेळी रानात मुळंच नसतील तर पुढच्या जोरदार पावसात त्यातलं बरंच नत्र पाण्याबरोबर खाली झिरपून जातं.

आणि कच्चं कंपोस्ट घालू नये, हे वेगळं सांगायला नको. कर्ब जास्त असलेला अर्धवट कुजलेला माल जिवाणू खायला घेतात आणि त्यासाठी मातीतलं नत्र पळवतात. रोप पिवळं पडतं. शंका असेल तर मूठभर ओलसर कंपोस्ट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा झणका आला तर ढीग आणखी मुरू द्या. जंगलातल्या मातीचा वास आला तर तयार.

पाकिटातली बुरशी

बाजारात मायकोरायझाची पाकिटं मिळतात. स्वतंत्र चाचण्यांमध्ये काही पाकिटांतून मुळात काहीच वस्ती झाली नाही असं वारंवार दिसलं आहे, तेव्हा नुसत्या लेबलवर जाऊ नका. जमिनीत आधीच चांगली वस्ती असेल किंवा स्फुरद भरपूर असेल तर चांगलं पाकिटही काही दाखवणार नाही. रोपवाटिकेत निर्जंतुक माध्यमात वाढवलेली रोपं, वरची माती खरवडून गेलेली जमीन, पुराखाली गेलेलं किंवा फार दिवस उघडं पडलेलं रान, अशा जागी ते वापरण्यात अर्थ आहे. वापरायचं तर मुळाला टेकेल असंच. वर फवारून उपयोग नाही; बीजाणूला पाय नसतात.

एरवी घरचीच बुरशी जपणं स्वस्त पडतं. दोन पिकांच्या मध्ये रान उघडं न ठेवता काहीतरी जिवंत उभं ठेवणं, नांगराने जाळं दर हंगामात न फाडणं, कोबी किंवा मोहरीच्या पाठोपाठ कांद्यासारखं बुरशीवर विसंबणारं पीक न घेता मध्ये कडधान्य टाकणं. पाणी देताना जमीन वाफशावर येऊ द्यावी आणि मगच पुढची पाळी. हे शेवटचं सांगायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, कारण पाणी हाताशी असलं की हात थांबत नाही.

विश्वास बसत नसेल तर कुंड्यांत लावून बघा. कमी स्फुरदाची माती घ्या, निम्मी कुकरमध्ये तासभर वाफवा म्हणजे बुरशी मरेल. मात्र वाफवल्याने नुसती ही बुरशीच नाही, जिवाणूही मरतात. म्हणून न वाफवलेली माती पाण्यात ढवळून ते पाणी बारीक गाळणकागदातून गाळा आणि वाफवलेल्या मातीत घाला. बहुतेक बीजाणू ४० मायक्रॉनपेक्षा मोठे, ते कागदावरच अडकतात. जिवाणू खाली उतरतात. आता तीन कुंड्या: न वाफवलेली माती, वाफवलेली माती, आणि वाफवलेली माती अधिक एक तृतीयांश कंपोस्ट. तिन्हीत कांद्याचं बी टाका, ओल सारखी ठेवा. पहिले काही आठवडे वाफवलेल्या कुंडीतली रोपं जरा जास्तच हिरवी दिसतील, कारण वाफवताना थोडं नत्र सुटतं. त्याने फसू नका. दोन-अडीच महिन्यांनी बघा. कंपोस्ट नसलेल्या दोन कुंड्यांत फरक दिसायला लागेल, वाफवलेली मागे पडेल. आणि भरपूर कंपोस्टच्या तिसऱ्या कुंडीत बुरशी नसूनही रोपं बहुधा झकास असतील. त्यांची मुळं शाईत उकळून बघितली तर आत काहीच निळं दिसणार नाही. मग तिन्ही कुंड्यांचं पाणी आठवडाभर तोडा आणि कोण आधी मान टाकतं ते वहीत टिपून ठेवा.